बैलाची गोण, फटफटीच्या पाठीवर

रविवार, १ ऑक्टोबर १९६१. सकाळपासून आभाळ दाटलेलं होतं, पण पाऊस आला नाही. दुपारी स्वच्छ ऊन पडलं आणि त्या उन्हात रामीबाईनं मला माळ्यावरून खाली काढलं.

मी गोण बोलतेय. पोतं नव्हे. पोत्याला एक तोंड असतं, मला दोन आहेत. मधला पट्टा बैलाच्या पाठीवर आडवा टाकायचा आणि दोन्ही अंगांना दोन पोटं लोंबू द्यायची, अशी माझी घडण. यवतमाळपासून चार मैलांवर एक तांडा आहे, तिथं मी राहते.

रामीबाईची सासू सुखीबाई. तिच्या आईनं मला विणलं. बैल पुढे चालायचे, ती मागून चालता चालता टकळीवर तागाचं सूत काढायची. मुक्काम पडला की तेवढं हातभर कापड विणायची. सुखीबाई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. दक्षिणेकडे जाताना माझ्यात ज्वारी असायची, परतताना मीठ. मिठानं माझा रंग गेला, पण कीड कधी लागली नाही.

पुढे रेल्वे आली. मीठ डब्यातून जाऊ लागलं. बैल विकले, तांडा एका जागी बसला, लोकांनी शेती धरली. मग मी तुरीचं बियाणं सांभाळलं. सुखीबाईची तीन लेकरं माझ्यावर झोपून मोठी झाली आणि तिघांनीही मला भिजवलं. शेवटी माळ्यावर, एका फुटक्या चाळणीखाली, मला अठरा वर्षं कोणी हात लावला नाही.

त्या तिघांतला धाकटा हरिसिंग, रामीबाईचा नवरा. यवतमाळच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो फिटर होता. दोन वर्षांपूर्वी नागपूरला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव झाला, तिथून त्यानं एक फटफटी आणली. तिचे सगळे अवयव त्यानं तीनदा खोलले आणि चार वेळा जोडले. आता त्याच्या मनानं एकच घेतलं होतं : आजोबांचे बैल ज्या वाटेनं जायचे, त्या वाटेनं गुलबर्ग्यापर्यंत फटफटीवर जायचं. दिवाळीनंतर जिन सुरू होणार. त्याआधी बारा दिवसांची रजा मिळाली होती, २३ ऑक्टोबरपासून.

त्याच वाटेवर, गुलबर्ग्याच्या अलीकडे, रामीबाईची थोरली बहीण लालीबाई राहत होती. दोघींची गाठ पडून बावीस वर्षं झाली होती. भाद्रपदात तिचं कार्ड आलं. शेजारच्या गावचे देवराव यांचं शेत तांड्याला लागून आहे. त्यांनी ते कार्ड बांधावर बसून वाचून दाखवलं. लालीबाईनं कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं : डाव्या डोळ्यानं काही दिसत नाही. उजव्याचं डॉक्टर नक्की सांगत नाही. दिसतं आहे तोवर येऊन जा.

रामीबाईनं देवरावांना ते दोनदा वाचायला लावलं. घरी आल्यावर म्हणाली, मीपण येणार. हरिसिंग नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, जागा नाही.

घरात गोरबोली, आम्हा बंजाऱ्यांची भाषा, चालते. इथं सगळ्यांना समजेल अशा बोलीत सांगते.

"मागच्या सीटवर ट्रंक बसते," हरिसिंग म्हणाला. "तुले कुठी बसवू? टाकीवर?"

"ट्रंकेची कोणी बहीण नाई तिकडं," रामीबाई म्हणाली.

त्यानं अंगणात सामान मांडलं होतं. दोन ट्यूब, पंप, पाने, स्टो, घासलेटची बाटली, सतरंजी, दोन घोंगड्या, तंबूचं कापड, गरम कोट आणि दाढीचा आरसा. मी अनेक प्रवासांचं सामान पोटात घेतलं आहे. माणूस एकटा निघाला की आधी भीती भरतो. पाऊस आला तर, काही मोडलं तर, उपाशी राहिलो तर. हरिसिंगच्या ढिगात अशा सात-आठ भीती होत्या. रामीबाईच्या हातात एक गाठोडं होतं : स्वतःचे दोन जोड आणि बहिणीसाठी एक काचळी, म्हणजे चोळी, तिनं आरसे लावून शिवलेली.

सुखीबाई ओट्यावर बसून सगळं बघत होती. ती सुनेला म्हणाली, "माळ्यावरची गोण काढ. गोणीले सीट लागत नाई."

अशी मी खाली आले.

"याडी," हरिसिंग आईला म्हणाला, "लोकं हासतीन. बैल इकले तुमी, अन् बैलाचं सामान मी फटफटीले घालू? जिनातले पोरं मले जगू देणार नाई."

"हासू दे. हासणाऱ्याले वजन उचला लागत नाई."

तो चिडला नाही. तसा शांत माणूस. पण मला हात न लावता उठून गेला. जाताना एवढं म्हणाला, "येत्या रविवारी पाहू. एक डाव."

रविवार, ८ ऑक्टोबर. ऊन, वारा नाही.

रामीबाईनं मला फटफटीच्या मागच्या चाकावर आडवं टाकलं आणि सासूनं शिकवलं तशी भरू लागली. गोण भरायची एक रीत आहे. एक पोट आधी भरून मग दुसरं भरायचं नाही. दोन्ही तोंडं उघडी ठेवायची आणि एक वस्तू इकडे, एक तिकडे. तिनं तसंच केलं. मधून मधून चार पावलं मागे जाऊन ती पाहायची. डावी बाजू खाली वाटली की उजवीकडे थोडं टाकायची. शेवटी मी अगदी सरळ दिसू लागले. देवराव पाना मागायला आले होते, तेही म्हणाले, "वहिनी, सुताराचा गुण्या लावल्यावानी झालं हो." मग फटफटीकडे पाहून म्हणाले, "हरिसिंगभाऊ, हिले आता सरकीची ढेप चारत जा."

हरिसिंग हसला नाही.

दोघं कळंबच्या रस्त्यानं निघाली. रामीबाई मागे, एका बाजूला पाय सोडून. दीड मैलावर एक वळण आहे. वळणाच्या आधीपासूनच फटफटी उजवीकडे ओढत होती. माझं उजवं पोट खाली खाली सरकलं आणि सायलेन्सरवर टेकलं. बैलाच्या कुशीची ऊब मला माहीत होती. ही ऊब नव्हती. तागाच्या जळण्याचा वास हरिसिंगला आला, त्यानं मागे वळून पाहिलं आणि त्याच क्षणी आम्ही तिघं रस्त्याच्या कडेच्या गवतात पडलो. रामीबाईचं कोपर सोललं. मला पंजाएवढं भोक पडलं. हरिसिंगनं ओंजळीनं माती टाकून मला विझवलं.

तो आम्हाला घेऊन परत आला. अंगणात म्हणाला, "झालं. ट्रंकच बरी."

दुसऱ्या दिवशी त्यानं यवतमाळहून नवी पत्र्याची ट्रंक आणली. हिरवी, कोपऱ्यांना पितळ.

रामीबाई त्या आठवड्यात कापूस निंदायला जायची, परत आली की फटफटीसमोर उभी राहायची. माझ्याकडे कमी, तिच्याकडेच जास्त बघायची. गुरुवारी तिनं लोटीभर पाणी काठोकाठ भरलं आणि रिकाम्या सीटवर ठेवलं. पाणी डाव्या बाजूनं सांडलं. तिनं पुन्हा भरून ठेवलं. पुन्हा डावीकडूनच सांडलं.

"आत्या," तिनं सासूला हाक मारली, "बैल उभा कसा राहते?"

"चार पायांवर. अन् कसा?"

"ही एका पायावर रेलून राह्यली."

चूक अशी होती. बाजूच्या स्टँडवर उभी असताना फटफटी डावीकडे कललेली असते. त्या कललेल्या पाठीवर मी सरळ दिसेपर्यंत रामीबाई उजवीकडे टाकत गेली. बैलाच्या पाठीवर हे कधी घडलं नसतं. सुखीबाईनं आयुष्यात शेकडो गोणी भरल्या होत्या, तिच्याही ध्यानात आलं नाही. म्हातारीनं वाकून लोटी पाहिली. मग म्हणाली, "मले वाटलं, तुले भरता आलं नाई. माह्यंच शिकवणं आंधळं होतं."

मग दोघींनी मला घरात नेलं. छताच्या आढ्याला दोरी बांधून मुसळ आडवं टांगलं आणि मला त्यावर टाकून रिकामं जोखलं, मग भरून जोखलं. मुसळ हललं नाही तेव्हा थांबल्या. दोन्हीकडे अकरा-अकरा शेर. माझ्या भोकाला ठिगळ हवं होतं. देवरावांनी जुन्या मोटेचं कातडं कापून दिलं.

"वहिनी, हे विहिरीत पंधरा वर्षं भिजलं," ते म्हणाले. "आता थोडं भाजू द्या."

हरिसिंग हे सगळं बघत होता. विचारत मात्र नव्हता.

रविवार, १५ ऑक्टोबर. थोडे ढग, दुपारी दक्षिणेकडून वारा.

तो ट्रंक बांधून एकटाच कळंबपर्यंत गेला आणि आला. जाऊन येऊन अठ्ठावीस मैल. मी ओट्यावर होते. तो उतरला तेव्हा ट्रंकेचा दोर ढिला झालेला होता आणि सदऱ्यावर पाठीमागे, पितळी कोपऱ्याच्या उंचीवर, रक्ताचा डाग होता. मागच्या वजनानं पुढचं चाक खड्ड्यात उचललं जातं, असं तो म्हणाला. आपणहून म्हणाला. फिटर माणूस यंत्राबद्दल खोटं बोलत नाही, मग ते स्वतःच्या विरुद्ध गेलं तरी.

"ट्रंक कोणाच्या पाठीवर होती, फटफटीच्या का तुमच्या?" रामीबाईनं विचारलं आणि हळद आणायला आत गेली.

त्या आठवड्यात जिनातून येताना त्यानं दोन लोखंडी सळया आणल्या. त्या वाकवून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. उजवी सळई सायलेन्सरच्या वर चार बोटं. कोणासाठी बसवल्या ते बोलला नाही. सुखीबाईनं सुनेला डोळ्यानं खुणावलं आणि गप्प राहायला लावलं.

शनिवार, २१ ऑक्टोबर. सकाळी धुकं, नऊपर्यंत विरलं.

मला सळयांवर चढवलं. रामीबाई एका बाजूला पाय सोडून बसू लागली, तशी सुखीबाई ओट्यावरून म्हणाली, "गोण जोखली अन् सून एकांगी? दोन्हीकडं पाय टाक. मी बैलावर तशीच बसत होतो."

"आत्या, लोकं..."

"लोकं मीठ आणून देत नाई आपल्याले."

रामीबाईचा फेटिया, म्हणजे घागरा, घेरदार होता. तिनं दोन्हीकडे पाय टाकले. पाय माझ्या पोटांवर विसावले. वळण आलं आणि गेलं. पुढे सरळ रस्त्यावर हरिसिंगनं वेग कमी केला आणि दोन्ही हात दांड्यावरून उचलले.

"काय करून राह्यले?" रामीबाई मागून ओरडली.

"जोखून राह्यलो."

फटफटी सरळ गेली. त्यानं मनात अकरा मोजले असावेत. मग हात परत ठेवले. घरी येऊन त्यानं हिरवी ट्रंक उचलली आणि खाटेखाली सरकवली.

"तुह्ये कपडे कमी कर," तो बायकोला म्हणाला. "दोन शेर तरी."

"कपडे तेवढेच राहतीन. तुमचा स्टो काढा."

त्यानं स्टो काढला.

आज १९६६ साल आहे. मी खुंटीला आहे. ठिगळ टिकलं, बाकीचा ताग विरत चालला आहे. सुखीबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तांड्यातल्या आणखी दोघांनी फटफटी घेतली आहे आणि ते मला बघून दुसरी गोण शिवून घेतात. कापड तंबूचं असतं, पण तोंडं दोनच. माझं तुमच्याकडे मागणं थोडं आहे. लांब जायचं असेल तेव्हा सामान आधी ठरवू नका. आधी कोण येणार ते ठरवा, त्याला बसवा, आणि उरलेल्या जागेत मावेल तेवढंच घ्या. माझ्यासारखी एखादी माळ्यावर असेल तर उतरवून एकदा उन्हात टाका. मला आता उचललं की धागे तुटतात, म्हणून मी इथूनच निरोप घेते. त्या प्रवासाचा शेवट तेवढा सांगून.

बुधवार, २५ ऑक्टोबर १९६१. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही लालीबाईच्या तांड्यावर पोहोचलो. एकूण दोनशे एक्याऐंशी मैल. एक ट्यूब बदलली. पडलो नाही. लालीबाई घराच्या सावलीत बसली होती. तिला उजव्या डोळ्यानं उजेडातलं माणूस दिसत होतं. तिनं रामीबाईला हाताला धरून उन्हात आणलं आणि पाहिलं.