दुसऱ्या खुर्चीची साथ

दोनातोच्या वरच्या चार दातांची कवळी गावात एकट्या फिलोमेनाला ठाऊक होती. इटलीतल्या पुलियामधल्या गावच्या बँडमध्ये तो पहिल्या खुर्चीवर फ्लिकोर्नो, म्हणजे कर्ण्यासारखं पितळी वाद्य, वाजवायचा, एकतीस वर्षं. ती त्याची शिष्या, मागच्या खुर्चीवर.

पितळी वाद्य म्हणजे नुसतं फुंकायचं, असं लोकांना वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं. खरं काम ओठांच्या कडांचं: ओठ मध्ये मोकळे, कडा आवळलेल्या, मुखनळी जेमतेम टेकलेली. कवळीवर जरा दाब पडला की ती सरकते आणि सूर फाटतो. म्हणून एप्रिलपासून लांब सुरावर दोनातो ओठ सैल सोडायचा आणि फिलोमेना तो सूर अलगद उचलायची. टाळ्या म्हाताऱ्याला मिळायच्या.

बँडमास्तर पांतालेओने बजावलं होतं, "संत रोक्कोच्या सणाला सूर फुटला, तर पहिली खुर्ची सोडायची, काका."

सणाच्या सकाळी ढोलवाल्याने फिलोमेनाची तारीफ केली. दोनातोला ते झोंबलं.

"हिची? हिचं वाद्य मी आढ्याला टांगलेलं. हात पाठीशी बांधून वाजवायला लावायचो. ओठ दाबले, वाद्य हललं, की छडी. तरी बाईसाहेब अकरा वर्षं मागेच."

सगळे हसले. फिलोमेनाही हसली. "तुमचेच उपकार, काका."

चौकातल्या मंचावर, शेवटच्या सुरावर पांतालेओने काठी वर धरली ती खाली येईचना. ही त्याची जुनी खोड. चौकातले लोक मोठ्याने आकडे मोजू लागले. नऊवर दोनातोचा श्वास संपला. त्याने ओठ सैल सोडले.

मागून काहीच आलं नाही.

त्याने मान किंचित वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. फिलोमेनाची कोपरं वर, बोटं कळांवर, नजर काठीवर. सगळं जागच्या जागी. फक्त ओठांच्या कडा ढिल्या होत्या. असं खोटं वाजवणारं तोंड ओळखायला त्यानेच तिला शिकवलं होतं. घाबरून त्याने मुखनळी दाबली. सूर किंचाळला, कवळी निसटून मंचावर पडली, आणि आकडे मोजणारा चौक खदखदून हसला.

"काय झालं, काका?" पांतालेओने खाली उतरल्यावर विचारलं.

ती वाजवत नव्हती, एवढंच सांगायचं होतं. पण मग तिची गरज का पडली तेही सांगावं लागलं असतं, आणि उन्हाळाभराच्या टाळ्या कुणाच्या, तेही. दोनातोने तोंडावर हात धरला.

"दम लागला," तो बोबडं बोलला.

फिलोमेनाने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "काकांचं वय झालं हो, मास्तर. मी मागून जीव तोडून फुंकत होते, तरी निभलं नाही."

दोनातोने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर चुकवलीसुद्धा नाही.

"दुपारी तू पुढे बस," पांतालेओ तिला म्हणाला. "काकांना झांजा देऊ. झांजेला दात लागत नाहीत."