रिमोट रजियाताईंकडे होते

मित्रांनो, टेनिसचे चेंडू फेकणारे एक छोटे यंत्र तुमच्याशी बोलते आहे. आता मी बऱ्यापैकी जुना झालो आहे. माझ्या पोटात रबराची दोन चाके आहेत. ती एकमेकांच्या उलट फिरतात, चेंडू त्यांच्या चिमटीत सापडतो आणि सुसाट बाहेर पडतो. समोर जोडीदार नसला तरी एकट्या माणसाला खेळता यावे, म्हणून मला घडवले.

पनवेलच्या एका दुकानात आम्ही तिघे शेजारी शेजारी उभे होतो. पहिला धिप्पाड, दीडशे चेंडू पोटात घेणारा. पण त्याला विजेची वायर लागे. दुसरा देखणा, पण उचलायला दोन माणसे हवीत. तिसरा मी, पन्नास चेंडूंचा, बॅटरीवर चालणारा. गिऱ्हाइके त्या दोघांपुढे थांबत आणि हातातल्या पिशव्या माझ्यावर ठेवत.

एके दिवशी कर्जतच्या रजियाताई मुकादम काठी टेकत दुकानात आल्या. शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झाले होते. दुकानदार मोठ्या यंत्राचे गुण सांगू लागला, तसे त्यांनी त्याला थांबवले.

“आमचं कोर्ट पळसदरीला, बंद पडलेल्या कंपनीच्या वसाहतीत. तिथे वीज नाही. स्कूटरवरून न्यायचं आणि नेणारी बाई साठीची. हे बारकं दाखवा. पण रिकामं नको, चेंडू भरून.”

त्या स्टुलावर बसल्या आणि मला बऱ्या पायाच्या मांडीवर ठेवायला लावले. डोळे मिटून त्यांनी माझे वजन अजमावले. मग माझी बॅटरी किती वेळ चालते, चेंडू डावीकडे-उजवीकडे पडतो का, लांबून चालवता येते का, असे सगळे विचारून घेतले.

“हेच द्या,” त्या म्हणाल्या. मला कोणीतरी पारखून निवडले होते. तो दिवस मी कधीच विसरणार नाही.

ती साठीची बाई म्हणजे सुचेताताई टिपणीस, त्याच शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका. दोघी बावीस वर्षे पहाटे एकत्र टेनिस खेळत. रजियाताईंचा गुडघा गेला आणि सुचेताताईंनी रॅकेट कपाटात टाकली. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“तुझ्या जागी हा डबा उभा करू?”

“माझ्या जागी नाही गं. तुझा हात चालू राहावा म्हणून आणलंय.”

“नको मला.”

त्यांनी मला पलंगाखाली सरकवले. मी तीन आठवडे तिथेच होतो. सुचेताताई रोज सकाळी रजियाताईंकडे जात, त्यांच्या गुडघ्याकडे बघत बसत आणि परत येत. आपला उपयोग होणार नाही, अशी माझी खात्रीच झाली होती.

मग एका रविवारी दारात रिक्षा थांबली. रजियाताई आतूनच ओरडल्या, “रोज येऊन माझा गुडघा बघतेस, तो काय उगवतोय? चल कोर्टावर!”

“त्या यंत्राशी मी खेळणार नाही, सांगितलं ना?”

“यंत्राशी कोण खेळ म्हणतंय? त्याचं रिमोट पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये आहे.”

कोर्टाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून रजियाताई बसल्या. सुचेताताई नाइलाजाने पलीकडे उभ्या राहिल्या. रजियाताईंनी बटणे दाबली. मी दोन चेंडू उजव्या कोपऱ्यात फेकले आणि तिसरा अलगद डावीकडे, जाळ्याजवळ. सुचेताताई धावल्या, पण पोचल्या नाहीत. तिथेच कमरेवर हात ठेवून त्या हसत सुटल्या.

“अगं लबाडे, हा तर तुझाच चेंडू!”

“मग? मीच खेळतेय,” रजियाताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला बरकत आली. जाता-येता लोक थांबून बघत, कौतुक करत. पण पावसाळा लागला, कोर्टावर शेवाळ धरले आणि ओलसर चेंडू पोटात तसेच ठेवून मला पडवीत झाकून ठेवले. चार महिने कोणी माझ्याकडे पाहिले नाही. दसऱ्यानंतर बटण दाबले तर मी हूं की चूं केले नाही. चाकांवर बुरशी आली होती.

रजियाताईंचा भाचा अकरम बॅटऱ्यांचे काम करतो. त्याने मला उघडून नाक मुरडले.

“खाला, हे बिघडलं नाय. उपाशी पडलं हाय. महिन्यातून एकदा तरी चार्ज करा की! आनि ओले चेंडू कोन ठेवतं रं बाबा?”

दोघी बाया खाली मान घालून ऐकत राहिल्या. अकरमने चाके पुसली, नवी बॅटरी घातली आणि मी पुन्हा कोर्टावर आलो.

त्याच सकाळी मी तीसेक चेंडू फेकले असतील. एकाएकी रजियाताई खुर्चीतून उठल्या. काठी न घेता सावकाश जाळ्यापर्यंत गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला. “रॅकेट दे.”

“अगं बस! डॉक्टर काय म्हणालेत?”

“पळू नको म्हणालेत. उभी राहू नको, असं कुठे म्हणालेत?”

सुचेताताईंनी मला बंद केले. माझ्या पोटातला एक चेंडू घेऊन त्यांनी तो हाताने, अगदी हळू टाकला. रजियाताईंचा पहिला फटका जाळ्यात गेला. दुसराही, तिसराही. चौथा चेंडू मात्र जाळ्यावरून गेला आणि रेषेच्या आत पडला. सुचेताताईंनी डोळे पुसले आणि पाचवा चेंडू उचलला.

आता रोज शेवटची पंधरा मिनिटे मी बंद असतो आणि त्या दोघी खेळतात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे कोणी असेल तर त्याचे चेंडू कोरडे ठेवा, बॅटरी उपाशी ठेवू नका आणि पावसाळ्यातही त्याची विचारपूस करा. एकटे असाल तेव्हा मला जरूर हाक मारा. पण तुमचा जोडीदार समोर येऊन उभा राहिला, तर मला बंद करताना मुळीच संकोच करू नका. मी कडेला उभा राहून आनंदाने बघेन.