फोटोतल्याएवढी

सकाळची कामं उरकून आई शिवणयंत्रावर बसली, की ठकी न बोलावता यायची आणि यंत्राच्या फळीवर तळवा टेकायची. पायडल हललं की फळी थरथरायची, अन् पोरगी खुदकन हसायची. आईच्या यंत्राची घरघर तिला ऐकू येत नव्हती, हाताला कळत होती. जन्मापासून तिचे दोन्ही कान बंद होते.

त्या दिवशी सुईखाली पिवळा फ्रॉक होता. निळी कॉलर, छातीवर पांढरी बटणं. असाच फ्रॉक आधी शिवून झाला होता, त्याच्याही आधी एक. दर वेळी एक माप मोठा, बाकी हुबेहूब तोच.

"शिव गं बाई, शिव," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा पोरीच्या डोक्यावर वरवंटा ठेव, म्हणजे वाढायचीच थांबेल!"

"असं काय बोलता, आई? कार्यालयातल्या साहेबांना फोटोतला चेहरा ओळखू यायला नको का?"

ठकीचा बाप याच मातीतला, गवंडी. कामापायी बायकोला घेऊन परदेशी गेला, तिथे ठकी झाली. परत आल्यावर कळलं, की बाप नागरिक असला तरी बाहेर जन्मलेल्या लेकीला वंशाच्या हक्काने अर्ज करावा लागतो. एका छपराखाली चौघं जेवत होती. तिघं देशाची, चौथी अर्जाची.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "कानात ऐकायचं यंत्र बसवायचं ऑपरेशन सरकार फुकट करतं, पण नागरिक मुलांचंच, आणि पाच वर्षांच्या आत. पुढे यंत्र बसवलं तरी आवाजातून बोलणं शिकायचं वय निघून गेलेलं असतं. ताई, कागदांचं लवकर बघा."

बघणार ती काय? कार्यालयाची रीतच अशी, की अर्ज देताना सहा महिन्यांहून जुना फोटो चालत नसे; आणि फाईल साहेबांच्या टेबलावर यायला वर्ष उलटून जाई. मोठ्या माणसाचा चेहरा तेवढ्यात काय बदलतो? पण रांगणारं पोर धावायला लागतं, बोळकं दातांनी भरतं. मग शेरा पडे, 'चेहरा जुळत नाही. नवा फोटो जोडावा.' नवा फोटो लागला, की फाईल पुन्हा ढिगाच्या तळाशी.

म्हणून ही माउली फोटोतली ठकी जपत होती. तोच फ्रॉक, कपाळावर तशीच कापलेली झुलपं. एकदा तर घास भरवताना तिचा हात थबकला. नाहीच भरवला एखादा, तर गाल तसेच राहतील का? दुसऱ्याच क्षणी तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि दोन घास जास्तच भरवले. ठकीला वाटलं, आई खेळतेय. तिनेही आपल्या गालावर हळूच चापट मारली.

नव्या फ्रॉकात लेकीला घेऊन ती कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली. साहेबांनी फोटो उजेडात धरला.

"बाई, कपडा तोच आहे, मूल तेच नाही."

"मूल तेच आहे, साहेब. वाढलंय फक्त."

"मग नवा फोटो आणा."

"तुमच्याकडे फाईल येईस्तोवर ती पुन्हा वाढेल हो! पोरीचं ऑपरेशन अडलंय. पाच पुरी व्हायला आली."

"नियम मी केला नाही," साहेब म्हणाले. आवाज दुष्ट नव्हता, नुसता दमलेला होता. "पुढचे कोण?"

ठकी पाच वर्षांची झाली, मग सहाची. डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव यादीतून काढलं, तेव्हा मान वर केली नाही.

आणि त्यानंतर बोलावणं आलं. या खेपेला चेहरा जुळला होता, नागरिकत्व मंजूर झालं होतं.

समारंभाच्या दालनात रांगेने खुर्च्या मांडल्या होत्या. पद्धत अशी, की नाव पुकारलं की ज्याचं त्याने 'हजर' म्हणून पुढे जायचं. साहेबांनी ठकीचं पूर्ण नाव पुकारलं. ठकी त्यांच्याच टेबलाशी उभी राहून कडेचं नक्षीकाम बोटाने गिरवत होती. साहेबांनी पुन्हा पुकारलं, जरा चढ्या आवाजात.

"गैरहजर," ते पुटपुटले आणि दाखला बाजूला सारू लागले.

गवंडी लेकीला पुढे ढकलायला धावला. बायकोने त्याचं मनगट धरलं.

"थांबा. तिला ढकलायचं नाही." मग ती साहेबांकडे वळली. "साहेब, माझी लेक हजर आहे. पहिला फोटो दिला त्या दिवसापासून हजर आहे. गैरहजर तुम्ही होतात. पुकारा अजून. ती वळून बघेपर्यंत पुकारा."

गडबडीने साहेबांनी दाखला पुढे ओढला आणि त्यावर शिक्का हाणला. लाकडी टेबल दणाणलं.

ठकीचा तळवा टेबलावर होता. ती दचकली आणि खुदकन हसली. मान वर करून तिने पहिल्यांदाच साहेबांकडे पाहिलं, टेबलावर दोनदा थाप मारली. अजून एकदा कर ना!

साहेबांचा शिक्क्याचा हात हवेतच राहिला.