विहीर किती पावलांवर

माझी लेक ओवी नुकती झोपली होती, घर गप्प होतं. मी रांजणात तांब्या घातला आणि तो तळाला लागून खणकन वाजला. खिडकीतून पाहिलं तर आमची विहीर दोनशे पावलं लांब गेली होती.

सकाळी मीच मोबाईलमध्ये तसं भरलं होतं. खताचा सल्ला देणारं हे अ‍ॅप बचत गटाच्या प्रशिक्षणात मिळालं. ते शेताची माहिती विचारतं आणि रंग दाखवतं. हिरवा म्हणजे खत टाका. लाल म्हणजे थांबा, नाहीतर खत झिरपून विहिरीत उतरेल. आमचं पाणी तपासणीत काठावर पास झालं होतं. आणखी बिघडलं तर लहान मुलांना देऊ नका, असं लिहून आलं होतं. ओवी चार वर्षांची आहे.

खरं अंतर वीस पावलं. पण मामा, म्हणजे माझे सासरे, शेजारी बसून म्हणाले होते, "दोनशे सांग."

"मामा, वीसच आहेत."

"आगं, विचारणाऱ्याला कुणी खरं सांगतंय व्हय?"

दोनशे भरूनही रंग पिवळाच आला, धड हिरवा नाही, धड लाल नाही. म्हणून दुपारी मामा पुन्हा चष्मा लावून बसले.

'जनावरे किती?'

"एक म्हस."

दोन आहेत. मी एक भरलं, आणि गोठ्यातली दुसरी रवंथ करताकरता नाहीशी झाली.

"यील माघारी," मामा म्हणाले. "म्होरं वाच."

'युरिया किती पोती?'

"दोन सांग."

पडवीतल्या सहा पोत्यांतली चार गेली. मामा ताडकन उठले.

"माझी पोती! सहा कर, सहा!"

"म्हशीचं खरं सांगायचं नाही, पोत्यांचं सांगायचं?"

"म्हस वाटंला लागली तरी वळखीची हाय. पोती कुणाची बी व्हत्यात."

मी सहा भरलं. पोती आली आणि रंग लाल झाला. मामांनी थोडा विचार केला.

"हीर दोन हजारावर ने."

विहीर उठली आणि मोटारीचा पाइप मागे ओढत टेकडीपलीकडे गेली. काठावर धुणं धूत बसलेल्या सुमनकाकू तशाच बसून गेल्या. जाताना त्यांनी हात केला. रंग हिरवा झाला. मामांनी खुशीत पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात ओवी डोळे चोळत आली. "आई, पाणी."

घरात थेंब नव्हता. मी मोबाईल उचलला आणि वीस भरलं.

"लाल हुईल त्ये!"

"होऊ दे, मामा. पोरीला तहान लागलीय."

विहीर धापा टाकत परत आली. सुमनकाकूंचं धुणं वाऱ्यानं वाळलं होतं. मी कळशीभर पाणी आणून ओवीचा पेला भरला. मोबाईल कट्ट्यावर लालभडक होऊन पडला होता. त्यावर एक नवा प्रश्न आला होता. मी तो मोठ्यानं वाचला.

'या विहिरीचे पाणी कोण पिते?'

"कुणी न्हाय," मामा म्हणाले, आणि मी हात पुढे करायच्या आत त्यांनी खांद्यावरच्या पोत्यासकट वाकून 'कोणी नाही'वर अंगठा टेकवला.

मोबाईल हिरवागार झाला.

ओवीनं पेला तोंडाला लावला. मग तिरका केला. मग डोक्यावर पूर्ण उपडा धरून आत पाहिलं. पाणी काठोकाठ होतं आणि खाली यायला तयार नव्हतं. ती पेला हलवून पाहत होती.

"पोरी, बदल की त्ये," मामा मला हळूच म्हणाले. मी बोट दाबत होते, पण प्रश्न निघून गेला होता. तिथे फक्त लिहिलं होतं, 'धन्यवाद, माहिती जतन झाली आहे.'

ओवीनं पेला उपडाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"आई, पाणी माझ्यावर का रुसलंय?"