पिंपातला जनतेचा आवाज

मैदानात आठशे माणसं होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. आमच्याकडे हाच मोठा चमत्कार. श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांत शेजाऱ्याला टोमॅटोचा भाव विचारणारी माणसं आम्ही.

व्यासपीठावर आमच्या भागाचे पुढारी होते, सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांनी विचारलं, "तुम्ही घाम गाळता की नाही?"

"गाळतो!"

"त्या घामाचं चीज होतं का?"

"नाही!"

"मग या पापाचा धनी कोण?"

एवढं विचारून साहेबांनी डोळे मिटले, कानाला हात लावला आणि ते गप्प झाले. एक सेकंद, दोन, पाच. आणि मागून खणखणीत आवाज आला, "पाणी सोडणारा!"

आठशे माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेमागे कुणीच नव्हतं. साहेबांच्या माणसांनी ठेवलेलं पाण्याचं एक निळं पिंप तेवढं होतं, आणि त्यावर साहेबांचा हसरा फोटो.

"मी नाव घेतलं नाही हं," साहेब हळूच म्हणाले. "मी कुणाचंच नाव घेत नाही. हा जनतेचा आवाज. जनतेला तोंड नसतं, बंधूंनो. आवाज असतो! रविवारी पुन्हा येतो. त्या दिवशी जनता निकाल देईल."

टाळ्या थांबेनात. शेजारच्या गावात याच आवाजाने कंपाउंडरचं नाव घेतलं होतं. आता तिथे कंपाउंडर नाही. ताप आहे.

पाणी सोडणारा म्हणजे माझे मामा. टाकीवरच्या चाव्या फिरवून गल्लीगल्लीत पाणी सोडायचं, हे त्यांचं एकवीस वर्षांचं काम. हल्ली पाणी अपुरं येत होतं. संध्याकाळी त्यांच्या खिडक्या फुटल्या म्हणून आम्ही त्यांना आमच्या घरी आणलं. पहाटे पाचला बघतो तर मामा चपला घालतायत.

"मामा, कुठे निघालात?"

"पाणी सोडायला. दगड उचलून हात मातीचे झाले असतील लोकांचे. धुवायला नको?"

मामा विनोद करत नाहीत. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

रविवारपर्यंत गाव फार सभ्य झालं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून विचारायचा, "मी माणूस बरा आहे ना हो?" पोस्टमनने चुकीची का होईना, पण सगळ्यांना पत्रं द्यायला सुरुवात केली. जो तो निरुपद्रवी दिसायचा सराव करत होता. आणि मनातून सगळ्यांना हायसं वाटत होतं, की नाव निघालंय ते मामांचं, आपलं नाही. आमच्या दारावर कुणीतरी खडूने फुली मारली. ताईने ती पुसली. दुपारी तिथे दोन फुल्या होत्या.

ताई आणि मी सभांना खुर्च्या भाड्याने देतो. या धंद्याचा एक नियम आहे : भाषणाकडे बघायचं नाही, खुर्च्यांकडे बघायचं. लोक भावनेच्या भरात खुर्चीवर उभे राहतात, आणि भावना ओसरली की खुर्ची घरी नेतात. म्हणून ताई कायम व्यासपीठाच्या कडेला, गर्दीकडे तोंड करून बसते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती ओठ वाचते आणि हातांनी बोलते, बहुतेक वेळा माझ्याविरुद्ध.

त्या फुल्या पुसून झाल्यावर ताईने हातांनी सांगितलं, "त्या दिवशी कुणाचंच तोंड हललं नाही."

"म्हणजे?"

"सगळे वळले. बोललं कुणीच नाही."

"गर्दीत एखादं नजरेतून सुटलं असेल."

"तू नाक उकरत होतास, तेही सुटलं नाही."

पुराव्यापुढे शहाणपण चालत नाही.

रविवारी शेवटची रांग लावताना मी पिंपाजवळ गेलो. साहेबांचा माणूस धावत आला. "ए, हात लावू नको! पिण्याचं पाणी आहे."

"तोटी कुठाय?"

"येईल. साहेबांनी शब्द दिलाय."

तो घोषणा द्यायला पुढे गेल्यावर मी झाकण उचललं. आत पाणी नव्हतं. कर्णा होता. फोटोत साहेबांच्या दातांच्या जागी बारीक भोकं पाडली होती, आणि कर्ण्याची तार मातीखालून थेट साहेबांच्या गाडीपर्यंत गेली होती. जनतेचा आवाज साहेबांच्याच हसण्यातून येत होता. मी कर्ण्याजवळची तार तोडली आणि तो तुकडा खिशात कोंबला. वाटलं, संपलं.

सभा भरली. मामांना निकाल ऐकायला पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. साहेबांचे प्रश्न झाले. घाम झाला, चीज झालं, पापाचा धनी झाला. साहेबांनी डोळे मिटले.

पाच सेकंद. दहा. साहेबांनी एक डोळा उघडून गाडीकडे बघितलं. मला हसू फुटणार, एवढ्यात आवाज आला.

"पाणी सोडणारा!"

पिंप मुकं होतं. तार माझ्या खिशात होती.

माणसं उठली. एकाने माझीच खुर्ची डोक्यावर उचलली. मामा बसल्या जागी हलले नाहीत, फक्त त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

तेव्हा ताई ओरडली. ती कधी आवाज काढत नाही. त्या ओरडण्यात शब्द नव्हता, पण खुर्चीवाल्याचे हात हवेतच थांबले. व्यासपीठावर चढून ती चौथ्या रांगेकडे बोट दाखवत होती. बोटाच्या टोकाला आमचा इस्त्रीवाला होता.

"हा बोलला म्हणतेय!" मी धावत जाऊन तिचे हात वाचले.

इस्त्रीवाला पांढराफटक पडला. "मी... म्हणजे, आवाज येणारच होता ना. उशीर झाला म्हणून..."

मामा वळले. "अरे, तुझ्या गल्लीत तर पाणी सगळ्यात आधी येतं."

"हो, मामा."

"मग?"

"साहेब थांबले होते. कुणीच काही बोलेना. फार अवघडल्यासारखं झालं हो."

मी पिंप लोळवत पुढे आणलं, फोटो टराटरा फाडला, कर्णा बाहेर काढला, तार दाखवली. गाडीकडे पाठवलेल्या दोघांना मागच्या सीटवर एक माणूस सापडला, हातात माईक घेऊन. तोच तो जनता.

चोराच्या उलट्या बोंबा ठरलेल्याच. साहेब गरजले, "हे कारस्थान आहे! मला सांगा, तुम्ही हे सहन करणार का?" आणि ते थांबले.

"नाही!" पन्नासेक जण म्हणाले. नंतर त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

मग मामा माईकपाशी गेले. मुख्य पाइप कुठे फुटलाय, पंप कधी जळाला, चार अर्ज कोणाच्या टेबलावर पडून आहेत, हे त्यांनी वीस मिनिटं सांगितलं. अर्ज साहेबांच्याच टेबलावर होते. तोवर साहेबांची गाडी निघून गेली होती, पुढच्या गावाला. निम्मं मैदानही उठलं होतं. टाळी एकही पडली नाही.

गाडी पिंप इथेच टाकून गेली, याची मला धास्ती वाटते. कारण कर्णा पहिल्या वेळेपुरताच लागतो. पहिले दोन प्रश्न असे, की कुणीही हमखास ओरडेल. त्यातून तोंडाला सवय लागते. तिसऱ्याला पुरावा नसतो, नुसती शांतता असते. ती आपल्याला सोसत नाही, मग हाताशी असेल ते नाव आपण तिच्यात टाकतो. यात दैवी काही नाही. शिवणकामासारखं शिकता येतं, आणि ते शिकलेले पुष्कळ आहेत.

तेव्हा कुणी प्रश्न विचारून डोळे मिटले, तर पुरावा मागा. मागायचा धीर नसेल, तर निदान गप्प बसा. अवघडल्यासारखं होईल, होऊ द्या. अवघडून कुणी मरत नाही. उत्तर दिल्याने मरू शकतं.