पापण्यांवरचा लाल रंग

मुलांनो, जरा डोळे मिटा. घट्ट मिटा. आता असं समजा, की कुणी तुमच्या तोंडावर ऑइलपेंटचा डबा रिकामा केला आहे. लाल, चिकट, बैलांच्या शिंगांना देतात तोच. डोळे उघडले तर रंग आत जाईल. नाही उघडले तर तो पापण्यांवरच वाळेल. तसंच बसून राहा, म्हणजे मेडशीच्या सहा वर्षांच्या ऋषिकेशवर काय वेळ आली ते कळेल.

पोळ्याचा दिवस होता. गावाकडेच्या मोकळ्या मैदानात, आखरावर, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या होत्या. पहिली जोडी कुणाची जाणार, यावरून ऋषिकेशचे बाबा रामराव आणि शालिग्राम यांच्यात सकाळपासून धुमसत होतं. त्यात झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकमेकांना चिमटे काढायला म्हणतात, त्या. रामराव हात वर करून ओरडला,

"चाक रे चाक, चाकाले आरा,
शालिग्रामचा बैल हुंगते चारा,
मान मांगे पयला, अन् चाले म्हातारा!
हर बोला हर हर महादेव!"

सगळं आखर हसलं. एरवी माणसं हसून सोडून देतात. शालिग्रामनं मात्र गाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली आणि रामरावच्या खांद्यावर हाणली. मग कोण कुणाला मारतंय ते कळेना. काठ्या चालल्या, दगड सुटले. एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बुजलेला बैल एका म्हाताऱ्याचा पाय तुडवून गेला. शालिग्रामचा तेरा वर्षांचा मुलगा विकास बैलाच्या शिंगांना रंगाचा शेवटचा हात देत होता. त्यानं हातातला डबा रामरावच्या अंगावर भिरकावला. रामराव वाकला आणि मागे उभ्या ऋषिकेशचं तोंड लाल झालं. ते पाहून रामरावनं डबा उचलला, विकासची मान धरली आणि उरलेला रंग त्याच्या तोंडावर चोळला. मोठ्या माणसानं, पोराच्या तोंडावर.

ऋषिकेशच्या बारा वर्षांच्या बहिणीनं, वैभवीनं, भावाला काखोटीला मारलं आणि धावत घर गाठलं. पाठीत एक दगड बसला तरी ती थांबली नाही. मालेगावच्या दवाखान्यात न्यावं, तर मारामारी रस्त्यावर आलेली, मोटरसायकलसुद्धा निघेना.

"ताई, मले दिसत नाही," ऋषिकेश रडत होता.

"डोये उघडू नको. हात मांडीखाली दाबून बस."

आईनं, वर्षाराणीनं, साबण लावून पाहिला. पाणी रंगावरून नुसतं घसरून गेलं. शेजारचा लालसिंग पेट्रोलची बाटली घेऊन आला.

"हे लाव वहिनी. शिंगाचा रंग यानंच निघते."

"काका, भाऊ हाय तो, बैल नाही!" वैभवी ओरडली. "अन् मी गॅस पेटवून राह्यली. बाटली बाहेर न्या पयले!"

"मोठी डाक्तरीण लागून गेली," म्हणत लालसिंग बाटली घेऊन निघून गेला.

वैभवी डॉक्टरीण नव्हती. पण तिची राखी मावशी मालेगावात पार्लर चालवायची. नवरीचा मेकअप उतरवायला मावशी घरीच बाम करायची, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ढवळायचं काम वैभवीकडे असायचं. मावशी म्हणायची, तेलातला रंग तेलच सोडवते. पण नुसतं तेल डोळ्यात वाहते, म्हणून त्यात मेण. मेण तेलाला जागेवर धरून ठेवते.

आई टाचांच्या भेगांना लावायची तो मेणाचा गोळा फळीवर होता. वैभवीनं पातेल्यात पाणी उकळलं, त्यात वाटी ठेवली, मेण किसून टाकलं आणि अंदाजानं तितकंच तिळाचं तेल ओतलं. थंड ताटलीवर एक थेंब टाकून पाहिला. खडा झाला, मेणबत्तीसारखा. यानं पापणी पुसली असती तर कातडी निघाली असती.

बाहेर पत्र्यावर दगड आदळला. ऋषिकेश किंचाळला.

"काय करून राह्यली तू? रंग वाळते ना!" आई रडकुंडीला आली.

"चुकलं माह्यं. थांब."

तिनं चमच्यानं मोजून तेल वाढवलं. मेणाच्या एका चमच्याला तेलाचे पाच. पुन्हा थेंब टाकला. या वेळी तो बोटाखाली लोण्यासारखा फिरला.

"लाव मंग आता!"

"गरम हाय, आई. भाजन ना त्याले."

तिनं वाटी गार पाण्यात धरली आणि ढवळत राहिली. दाराबाहेर कुणीतरी आईवरून शिवी दिली, काच फुटली. ती ढवळत राहिली. मनगटावर थेंब टाकून पाहिला, चटका बसेना, तेव्हाच तिनं बोट बुडवलं. कपाळापासून सुरुवात केली, मग गाल, सगळ्यांत शेवटी पापण्या, नाकाकडून कानाकडे. लाल रंग सुटून बामात मिसळला. तिनं तो कोमट ओल्या कापडानं टिपला. तीनदा लावलं, तीनदा टिपलं.

"उघड आता. हळूच."

ऋषिकेशनं एक डोळा उघडला, मग दुसरा. "ताई, तुह्या नाकाले रंग लागला," तो म्हणाला. आई मटकन खाली बसली.

तेवढ्यात रामराव आत शिरला. सदरा फाटलेला, हातात उभारी. त्यानं कडी लावली, आणि लगेच दारावर धक्के बसू लागले.

"रामराव, दार उघड!" शालिग्रामचा आवाज होता, पण चिरका. "पोराचे डोये चिकटले. लालसिंगनं पेट्रोल लावलं, कातडं सोलून निघालं. तो म्हणते, तुही पोरगी औषध करून राह्यली!"

बाहेर विकास गुरासारखा हंबरत होता.

रामरावनं वाटीत पाहिलं. अर्धी शिल्लक होती. "मातीत ओतीन, पण त्याले देणार नाही," तो म्हणाला. "त्यानं डबा फेकला."

"अन् तुमी चोळला, बाबा. म्या पाह्यलं."

"दाराले हात लावला तर तंगडं तोडीन." उभारी वर गेली.

वैभवीनं डाव्या हातानं वाटी छातीशी धरली आणि उजव्या हातानं कडी काढली. शालिग्रामचं डोकं फुटलं होतं, त्याच्याही हातात काठी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. विकासचं मनगट धरून त्याला उंबरठ्यावर बसवलं, बापाच्या उभारीकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली आणि वाटीत बोट बुडवलं.