आधी औषध, मग मी

मी थर्मामीटर बोलतोय. काचेचा, पाऱ्याचा, जुन्या पद्धतीचा. चुडावा गावात हरिओमच्या घरी आरशामागच्या फळीवर पडून असतो. खोटं बोलणं मला जमत नाही. पण या घरानं माझ्याच तोंडून खोटं वदवलं, म्हणून आज बोलतो.

हरिओमची मुलगी अर्पिता चौथीत आहे. तिच्या शाळेत जूनपासून एकही खाडा न करणाऱ्या लेकराचं नाव सव्वीस जानेवारीला भोंग्यावर पुकारतात आणि बापालाही पुढं बोलावून शाल घालतात. तीन वर्षं तो मान हरिओमला मिळाला. शाल कमावली पोरीनं, मिरवली बापानं!

डिसेंबरात अर्पिता आजारी पडली. आजी नर्मदाबाई म्हणाल्या, "लेकरू तापानं फणफणायलंय, ऱ्हाऊ द्या आज घरी."

हरिओम उसळला, "महिना-दीड महिना ऱ्हायलाय, आई! एक खाडा पडला की समदं पाण्यात."

मग आई राजेश्रीनं तोड काढली. आधी तापाचं औषध पाजायचं आणि अर्ध्या तासानं मला काखेत लावायचं. मी दाखवायचो अठ्ठ्याण्णव. "बघा, ताप न्हाई," की लगेच दप्तर पाठीवर. अरे, चोराला मागच्या दारानं काढून द्यायचं आणि मग घराची झडती घ्यायची, ही कुठली रीत? दुपारी वर्गात ताप पुन्हा चढायचा, तेव्हा मी इकडं फळीवर. त्या वेळी मला कोण विचारतंय!

चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत पोरगी कोसळली. तिला परभणीला दवाखान्यात नेलं, तेव्हा राजेश्रीच्या पर्समध्ये मीही होतो. डॉक्टर भडकले, "न्यूमोनिया झालाय. इतके दिवस काय करत होता?"

हरिओमनं मलाच पुढं केलं. "ताप नव्हताच, डॉक्टरसाहेब. ह्याच्यावर बघूनच पाठवायलो होतो."

माझ्यावर ढकललं! असा संताप मला कधी आला नव्हता. नर्मदाबाई तेवढ्या बोलल्या, "त्या काचंला कशाला नावं ठेवायलास? लेकराला इचारलं का कुणी?"

अकरा दिवसांनी अर्पिता घरी आली. वाचली, हे नशीब. पण बापाच्या तोंडून काय निघावं? "यंदाचा मान गेला." पोरगी अंथरुणात जागीच होती. तिनं ते ऐकलं.

त्याला आता दोन महिने झाले. आज सकाळी तिनं स्वतःच मला काखेत धरलं. एकशे दोन! तिनं आकडा वाचला, दाराकडं बघितलं आणि मला जोरजोरात झटकलं. पारा उतरला. आतून राजेश्रीनं विचारलं, "ताप हाय का गं?"

"न्हाई, मम्मी."

नऊ वर्षांची पोर, आणि हे शिकली. कुणी शिकवलं, ते मला माहीत आहे.

आता ती वेणी घालून घ्यायला आईपुढं बसली आहे. राजेश्रीबाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिच्या बोलण्यावरही ठेवू नका. वेणी घालता घालता तिच्या मानेला नुसता हात लावून बघा.